मातीची मूर्ती भट्टीत का फुटते?

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील चोवीस लेणी आपण मुलाबाळांसह पाहिली आहेत. आपल्याकडे काळा पाषाण मुबलक, म्हणून येथील कारागिरांनी छिन्नी हाती घेतली. सिंधच्या सपाट प्रदेशात दगड दुर्मीळ. तेथील कारागिरांनी माती भाजली. मीरपूर खास येथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन १९०९-१० मध्ये हेन्री कझिन्स यांनी केले, तेव्हा भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती मिळाल्या. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या या मूर्तींपैकी काही आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

माती इतकी टिकते, तर मग आपल्या मुलाने घडविलेली वीतभर मूर्ती भट्टीतून ठिकऱ्या होऊन का येते? मूल हिरमुसते आणि ‘मला जमत नाही’ असे ठरवून टाकते. पालकही मान डोलावतात. आम्हाला सांगायचे आहे ते हेच, की दोष बहुधा मुलाच्या हाताचा नसतो, मातीत राहिलेल्या पाण्याचा असतो.

भरीव मूर्ती बाहेरून सुकते, आतून ओलीच राहते. भट्टीत शंभर अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते आणि वाट न मिळाल्याने ती मूर्ती फोडते. ‘आत हवा राहिली’ असे लोक म्हणतात, पण खरा घात वाफ करते. म्हणून मूर्ती थोडी घट्ट झाली की खालून कोरून पोकळ करावी. भिंत बोटभर जाडीची आणि सगळीकडे सारखी ठेवावी. बुडाशी भोक ठेवावे. हात, डोके वेगळे जोडायचे असल्यास दोन्ही बाजू काट्याने खरवडाव्यात, पाण्यात कालवलेली तीच माती लावावी आणि दाबून बसवावे.

मातीही पारखून घ्यावी. आपल्याकडची काळी माती सुकताना फार आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. कुंभार मातीत घोड्याची लीद, राख, वाळू मिसळतात. त्यामुळे माती मोकळी राहते आणि पाणी सहज बाहेर पडते. तेव्हा कुंभाराकडूनच तयार माती घ्यावी.

मूर्ती उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्याखाली, सावलीत, आठ-पंधरा दिवस सुकू द्यावी. गालाला लावून थंड लागली तर आत ओल आहे असे समजावे. पावसाळ्यात आणखी थांबावे. सुकलेल्या मातीची धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती छातीला अपायकारक असते.

भाजण्यासाठी घरच्या चुलीचा किंवा गॅसचा खटाटोप नको. कुंभाराच्या आव्यात जागा मागावी आणि त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला द्यावा. आच प्रथम मंद, मग हळूहळू चढती हवी. पाच-सहाशे अंशांच्या सुमारास मातीच्या कणाशी बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर ती माती पुन्हा चिखल होत नाही. न भाजलेली शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही, यातील भेद एवढाच. आवा पुरता निवाल्याशिवाय मूर्ती काढू नये. एकदम थंड वारा लागला तर ती तडकते.

गोदाकाठच्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे दोन हजार वर्षांहून जुनी खापरे निघाली. ती घडविणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण माती, पाणी आणि आच यांचे शास्त्र त्यांना पक्के ठाऊक होते. तेच शास्त्र मुलांना समजावून सांगावे. पहिली मूर्ती फुटली तर तुकडे हातात घेऊन जाड भाग कोणता होता ते त्यांनाच शोधू द्यावे, आणि दुसरा गोळा मळायला द्यावा.