शेळीचं कर्ज दवाखान्यात का जातं?



गटाच्या कर्ज नोंदवहीत ‘कर्जाचे कारण’ असा रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा शेळीपालन, शिलाई मशीन, खत-बियाणं असं लिहिलेलं दिसतं. पण बैठक संपल्यावर चहा पिताना निवांत विचारलं, की खरं कळतं. शेळीसाठी उचललेले पैसे सासऱ्यांच्या सलाईनला गेले. शेळी दारात आलीच नाही, हप्ता मात्र सुरू झाला. शेळी आली असती तर वर्षभरात करडं विकून कर्ज फिटलं असतं. आजारपणावर गेलेला पैसा असा परत येत नाही. तो मजुरीतून, नाहीतर घरातल्या ताटातून फेडावा लागतो.

डॉक्टर, औषधं, तपासण्या यांसाठी आपण घरातून मोजतो त्या पैशांना ‘खिशातला खर्च’ म्हणतात. राष्ट्रीय आरोग्य लेखे या सरकारी आकडेवारीनुसार, २०१३-१४ मध्ये देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांमागे ६४ रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ झाले. म्हणजे ओझं कमी झालंय, पण संपलेलं नाही.

छोटं आजारपण, मोठा हिशोब

आपल्याला वाटतं, ऑपरेशन आलं तरच घर बुडतं. पण साध्या तापाचा हिशोब करून बघा. समजा घरचा माणूस पाच दिवस तापाने पडला. तालुक्याला दोन फेऱ्या, दोघांचं भाडं ४०० रुपये. डॉक्टरची फी दोन वेळा मिळून ४००. रक्त-लघवी तपासणी ८००. औषधं ९००. झाले २,५००. आता त्याची पाच दिवसांची मजुरी बुडाली, ३०० रुपयांप्रमाणे १,५००. सोबत गेलेल्या बाईचे दोन दिवस, ६००. एकूण ४,६०० रुपये.

महिन्याला १०० रुपये बचत करणाऱ्या ताईची ही जवळजवळ चार वर्षांची बचत आहे. आणि पेशंट भरतीसुद्धा झाला नव्हता!

भरती व्हावं लागलं तर? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातला एका वेळच्या भरतीचा सरासरी खर्च काढला होता (बाळंतपण सोडून). सरकारी दवाखान्यात तो सुमारे ४,३०० रुपये होता, खासगीत सुमारे २७,३००. एवढी रक्कम घरात नसते. मग सावकार आठवतो. शेकडा पाच दराने २०,००० घेतले तर महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज. वर्षाचं १२,००० दिलं तरी मुद्दल तसंच उभं.

या भीतीपोटी आपण बायका काय करतो? दुखणं अंगावर काढतो. ‘पोरांचं होऊ दे, मग माझं बघू.’ तोवर दुखणं वाढतं आणि खर्चही वाढतो.

पैसे मोजण्याआधी विचारा

१. सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांत येतात. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर उपकेंद्रात मोफत तपासतात. तिथे आधी जा.

२. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. योजनेत असलेल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, भरती होताना आधी त्याला भेटा. फोन १५५३८८. पण लक्षात ठेवा, ही योजना यादीतल्या आजारांसाठी भरती झाल्यावरच चालते. वर सांगितलेला तापाचा खर्च त्यात बसत नाही.

३. बाळंतपण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी सगळं मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही हे लागू आहे.

४. धर्मादाय रुग्णालय. मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. उत्पन्नाचा दाखला गरज पडायच्या आधीच काढून ठेवा. पेशंट भरती असताना तहसीलच्या चकरा होत नाहीत.

५. औषधं. बीपी-शुगरच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. जनऔषधी केंद्रात तीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सहावं सूत्र आहे. आपण ते म्हणतो, पण नोंदवहीत उतरवत नाही.

पहिलं म्हणजे, कर्जाचं खरं कारण लिहा. आजारपणासाठी कर्ज घेणं यात लाज कसली? खरं लिहिलं तरच गटाला कळेल की वर्षात किती पैसा दवाखान्यात गेला, आणि त्यातला किती मोफत उपचारात वाचला असता.

दुसरं, दर महिन्याला प्रत्येकीने १० रुपये आरोग्यासाठी वेगळे काढा. बारा जणींचे वर्षाला १,४४० होतात. रक्कम लहान आहे, पण रात्रीच्या गाडीभाड्याला सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

तिसरं, अडचणीतल्या घरासाठी ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो. तुमच्या ग्रामसंघात तो किती शिल्लक आहे, कोणाला दिला, हे बैठकीत विचारा. तो आपलाच हक्काचा पैसा आहे.

पुढच्या बैठकीला येताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन या. आशाताईंनाही बोलवा. कोणाचं आयुष्मान कार्ड निघालं नाही, कोणाचं रेशनकार्डावर नाव नाही, याची यादी त्याच दिवशी करू. आणि जी ताई दुखणं अंगावर काढतेय, तिला गटातल्या कोणीतरी एकीने त्याच आठवड्यात दवाखान्यात घेऊन जायचं.

– क्षेत्र समन्वयक