थेंब मोजताना

गौरीजेवणाच्या रात्री ह्यांच्या पोटात कळ आली ती थेट पाठीत गेली. आडवं पडवेना, पुढे वाकून बसलं की जरा बरं. आम्ही आधी ओवा दिला, मग सोडा. पहाटे उलट्या थांबेनात, तेव्हा रिक्षा गाठली. रक्तात लायपेज भलतंच वाढलेलं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. स्वादुपिंडाला अचानक सूज आली होती. "दादा तर दारूला शिवलेसुद्धा नाहीत!" भावजी म्हणाले. पण दारूइतकाच खड्यांचाही या दुखण्यात हात असतो.

अन्न पचवणारे रस आतड्यात जाऊन कामाला लागायचे, ते ग्रंथीतच जागे होतात आणि तिलाच पचवू लागतात. सुजेमुळे बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तातलं पाणी बाहेर उतरतं. म्हणून शिरेतून पाणी द्यायचं. आपण सगळ्यालाच सलाईन म्हणतो. ह्यांच्या बाटलीवर रिंगर लॅक्टेट होतं.

रात्री डॉक्टरीणबाईंनी थेंबांचा वेग कमी करायला सांगितला. माझ्या पोटात खड्डा पडला. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद! परवडणार नाही असं वाटलं की काय ह्यांना? सिस्टर वळल्या आणि नळीवरचं ते चाक मी गुपचूप सैल केलं.

दहा मिनिटांत सिस्टरांनी पाहिलं. रागावल्या, आणि रागावायलाच हव्या होत्या. डॉक्टरीणबाई मात्र स्टूल ओढून बसल्या.

"काकू, पूर्वी आम्हीही भराभरच द्यायचो. २०२२ साली भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिकोतल्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. भरपूर पाणी दिलेल्यांत शंभरात वीस जणांच्या अंगात ते जास्त झालं, बेताने दिलेल्यांत सहाच. आजार मात्र भरपूर पाण्याने सौम्य झाला नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला."

साठ किलोच्या माणसाला त्या भरपूरच्या हिशेबात सुरुवातीच्या दोन तासांत १,२०० मिलिलिटर, मग तासाला १८०. बेताच्या हिशेबात तासाला ९०, आणि अंगातलं पाणी आटलेलं असेल तरच आधी जादा. जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरलं की श्वास कोंडतो. म्हणून तर त्या दर फेरीला छाती ऐकत होत्या, लघवी मोजायला लावत होत्या. मला वाटलं होतं, नुसता सोपस्कार.

मग ती लघवीची वही मीच सांभाळली. तिसऱ्या दिवशी बाटली उतरली. खडे काढायचं ऑपरेशन त्याच मुक्कामात करायचं ठरलं. ह्यांनी पातळ पेज चमच्याने घेतली आणि विचारलं, "मीठ कुणी घातलं?"