कोरियन भाषा मराठी माणसाला अवघड नाही

महागणपतीच्या रांजणगावात एमआयडीसीला जमिनी गेल्या, एलजीसारखी कोरियन कंपनी आली. मग आपल्या पोरापोरींनी नुसती हमालीच का करावी? कोरियन शिकवा, साहेबांशी थेट बोलतील.

राजा सेजोंगने १४४३ मध्ये घडवलेल्या लिपीत आज मूळ अक्षरे २४च. वाक्याची चाल आपलीच. ‘चॉनुन पाबुल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी भात खातो’. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेला. बाई बोलली तरी तेच, खातो-खाते भेद नाही. थोरांशी मात्र अहो-जाहो हवेच.

खरी मेख उच्चारात. ‘ताल’ साधा काढला तर चंद्र, घसा आवळून काढला तर मुलगी, ‘थाल’ म्हटले तर मुखवटा. म्हणून आधी अक्षरे व उच्चार घटवून घ्या, वाक्ये मागाहून.