उरलेल्या औषधाचे करावयाचे काय?

घरातील रुग्ण बरा झाला किंवा दुर्दैवाने गेला, म्हणजे फडताळात औषधे उरतात. खोकल्याच्या गोळ्यांचे फारसे बिघडत नाही. पण कर्करोगाच्या वेदनांवर दिलेले मॉर्फिन उरले, तर ते चोराच्या किंवा लहान मुलाच्या हाती पडण्याची धास्ती असते. अमेरिकेने या प्रश्नाशी कसा झगडा केला, ते आपण पाहू.

१९७० च्या तेथील कायद्याने अशी औषधे बाळगण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्यांनाच दिला. रुग्णाला नोंदणीची सूट होती, पण ती औषध स्वतः घेण्यापुरती. त्यामुळे ज्या दुकानदाराकडून गोळ्या रीतसर विकत आणल्या, त्यालाच उरलेल्या परत करणे बेकायदा ठरले! पोलिसांच्या हवाली करणे तेवढे चालत असे. आता, म्हातारी आई गेल्यावर तिच्या गोळ्या घेऊन पोलिसचौकीवर कोण जाणार?

२०१० साली कायदा बदलला व ऑक्टोबर २०१४ पासून नवे नियम अमलात आले. टपालाचे खास पाकीट, औषधे गोळा करण्याचे ठरावीक दिवस आणि दुकानातील पेटी अशा वाटा खुल्या झाल्या. पेटी ठेवण्याची सक्ती या नियमांत नाही. मात्र ठेवली तर ती पक्की जखडलेली व कुलूपबंद हवी. आतली पिशवी अपारदर्शक, क्रमांक घातलेली; ती काढताना दोन कर्मचारी हजर पाहिजेत. आणि आत काय पडले ते मोजावयाचे नाही, उघडून पाहावयाचेही नाही! आमच्या मते सर्वांत मार्मिक कलम हेच. मोजणी आली की हाताळणी आली, आणि हाताळणी आली की एखादी गोळी खिशात जाण्याची सोय झाली. पुढे हा माल पुन्हा कोणाच्याही उपयोगी पडणार नाही असा नष्ट करावा लागतो. बहुधा तो जाळतात.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन रुग्णांना मॉर्फिन मिळण्याची वाट सुकर झाली. तेव्हा ते घरात उरण्याचा प्रश्नही आलाच. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी देऊन ती शौचकुंडात टाकून पाणी सोडावे, असे सुचविले. पाणी दूषित होईल, ही शंका रास्त आहे. पण फेंटॅनिलची त्वचेवर चिकटवावयाची चकती वापरून झाल्यावरही तिच्यात बरेच औषध शिल्लक असते, आणि केराच्या टोपलीतून ती उचलणारे पोर दोन वर्षांचे असू शकते.