ओझरचं मिग

ओझरला विमानं तयार होतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण परक्याचं लढाऊ विमान आपल्या घरी बांधायचं म्हणजे नेमकं काय, याचा उलगडा मला बीडमधल्याच एका निवृत्त फिटरकाकांनी केला. सारी नोकरी त्यांनी ओझरला केली. मी बी.ए. झालेला कवी माणूस. रिव्हेट म्हणजे काय, इथपासून त्यांना सुरुवात करावी लागली.

ही पद्धत जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सचं न्यूपोर्ट २९ हे लढाऊ विमान जपानच्या नाकाजिमा कंपनीनं परवाना घेऊन बांधलं, तेही सहाशेच्या वर. पुढं याच कंपनीनं स्वतःच्या आराखड्याची विमानं उडवली.

आपली गोष्ट १९६२ ची. पाकिस्तानला अमेरिकेची स्टारफायटर विमानं मिळाली होती. आपल्याला तोडीस तोड विमान हवं होतं आणि ते इथं बांधण्याचा हक्कही. पाश्चात्त्यांनी हात आखडता घेतला. सोव्हिएत युनियननं मिग-२१ देऊ केलं. चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी वाटणी झाली.

आधी तिकडून पेट्यांतून आलेले भाग नुसते जोडायचे. मग लहान-मोठे भाग इथं घडवायचे. सरतेशेवटी कच्च्या धातूपासून सुरुवात करायची. काका म्हणाले, "शायरसाहेब, भिंत कशी बांधायची ते आम्ही पक्कं शिकलो. ती तिथंच का, हे मात्र नकाशा काढणाऱ्याला ठाऊक." मला वाटतं, परवान्याचं सगळं मर्म या दोन वाक्यांत आलं.

ओझरला आधी बांधलेल्या मिग-२१ एफएलला अंगची तोफच नव्हती. सारी भिस्त क्षेपणास्त्रांवर. १९६५ च्या युद्धानं ती उणीव दाखवली आणि पोटाखाली तोफेची पेटी टांगली गेली. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर आपल्या मिगनं स्टारफायटर पाडलं, ते तोफेनंच.

जाता जाता नावाविषयी. १९५३ मध्ये आपण घेतलेलं फ्रेंच ऊरागान इथं 'तुफानी' झालं, अर्थही तोच. मिग मात्र लोकांच्या तोंडी मिगच राहिलं. मिकोयान आणि गुरेविच या दोन अभियंत्यांच्या नावांचं ते जोडाक्षर!

भारतात एकूण ६५७ मिग-२१ बांधली गेली. याची दुसरी बाजू कडू आहे. संरक्षणमंत्री अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितलं, की निरनिराळ्या प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक दगावले. 'उडती शवपेटी' हा शब्द उच्चारला की काका गप्प होतात. तरुण वैमानिकांना सरावासाठी योग्य जेट विमान मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर साध्या प्रशिक्षण विमानावरून थेट या वेगवान घोड्यावर बसावं लागे. सगळा दोष यंत्रावर टाकणं मला म्हणूनच पटत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्याच धावपट्टीवरून तिथं बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. आराखडा या वेळी आपला आहे. इंजिन अमेरिकेचं.