गाडी गप्प कशी बसते?

दोस्तांनो, एक गणित घालू? चार सिलिंडरच्या मोटारीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोलचा भडका उडतो. मग सेकंदाला भडके किती?

तब्बल १००! आणि आपल्याला ऐकू येते नुसती घरघर. एवढा आवाज जातो कुठे?

आधी तो येतो कसा ते बघू. भडका उडाल्यावर इंजिनाची झडप उघडते आणि कोंडलेला तापलेला वायू फुगा फुटावा तसा एकदम बाहेर उसळतो. गाडीच्या पोटाखालून जाणारी लांब नळी त्याला मागे नेते. वाटेत एक फुगीर डबा लागतो. तोच सायलेन्सर!

या डब्यात वेगवेगळे कप्पे आणि भोकं पाडलेल्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून उलट फिरतात. एका लाटेत हवेचा दाब वाढलेला, तर समोरून येणारीत तो घटलेला. दोघी भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. आवाजात आवाज मिळवला आणि उत्तर आलं शांतता! मोटारींसाठी अशा सायलेन्सरचं पेटंट अमेरिकेतल्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज यांना १८९७ मध्येच मिळालं होतं.

आणखी एक गंमत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! ते वाफ होऊन निघून जातं; पण थंडीच्या सकाळी नळीच्या तोंडातून थेंब टपकताना दिसतात. याच पाण्याने साधी लोखंडी नळी आतून गंजते. म्हणून नवी बसवताना बरेच जण स्टेनलेस स्टीलची निवडतात. वळणावर न चेपलेली नळी असेल, तर वायूलाही मोकळी वाट मिळते.

मग नळी खूप रुंद केली तर? छे! फार रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो. वेगाने निघालेला वायू आपल्यामागे सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून नेतो, ती मदतच कमी होते. आणि सायलेन्सर काढूनच टाकला तर? आवाज कानठळ्या बसवतो, ताकद मात्र फारशी वाढत नाही.

याच वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. त्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतात. तो काढला, तर ते विष थेट आपल्या श्वासात!

आवाज वाढवायला मोटारसायकलींना बसवलेले कर्कश सायलेन्सर पोलिसांनी मुंबई-पुण्यात जप्त करून चिरडले आहेत. आवाज म्हणजे ताकद नव्हे. तुमच्या ओळखीचा एखादा दादा गाडीचा सायलेन्सर बदलायला निघाला, तर त्याला एवढं नक्की सांगा: धूर मोकळा जाऊ दे, पण गाडी गप्पच राहू दे. खरी हुशारी त्यातच आहे!