मेणाचा दात ते माणसाचे तोंड : दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याचे शिक्षण

दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमाचे, म्हणजे बीडीएसचे, एक वेगळेपण सहसा ध्यानात घेतले जात नाही. एमबीबीएसचा विद्यार्थी पदवीपूर्व वर्षांत रुग्ण तपासतो, त्याच्या आजाराची हकीकत लिहून घेतो, शस्त्रक्रिया जवळून पाहतो. परंतु रुग्णाच्या शरीरात कायमचा बदल घडवणारे उपचार त्या काळात त्याच्या हाती क्वचितच सोपवले जातात. बीडीएसचा विद्यार्थी मात्र तिसऱ्या वर्षी वॉर्डऐवजी डेंटल चेअरपाशी उभा राहतो, भुलीचे इंजेक्शन देतो, किडलेला दात कोरतो आणि हललेली दाढ काढतो. कोरलेले दंतवल्क पुन्हा उगवत नाही आणि काढलेला दात परत बसत नाही. पदवी मिळण्याआधीच असे न पुसता येणारे काम करू देणाऱ्या या शिक्षणाची सारी रचना त्यामुळे एका प्रश्नाभोवती उभी राहिली आहे : नवशिका हात माणसाच्या तोंडात जाण्याइतका भरवशाचा कसा करायचा, आणि तो तसा झाला हे कोणी, कशावरून ठरवायचे?

उमेदवारीकडून महाविद्यालयाकडे

दंतवैद्यकासाठी स्वतंत्र महाविद्यालय ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८४० मध्ये असे पहिले महाविद्यालय स्थापन झाले. भारतात ते काम डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आणि शासकीय दंत महाविद्यालय १९४५ पासून सुरू आहे. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, दातांची कामे करणारे अनेक जण उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करूनच तयार होत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ही वस्तुस्थिती नाकारली नाही. त्याने नोंदवहीचे दोन भाग केले : 'अ' भागात मान्यताप्राप्त पदवीधर, तर 'ब' भागात पदवी नसलेले, पण काही वर्षे हाच व्यवसाय करून उपजीविका चालवणारे लोक नोंदले गेले. या कायद्यानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि अभ्यासक्रम, वर्ग, खुर्च्यांची संख्या, परीक्षा यांना देशभर एक चौकट मिळाली. उमेदवारी मात्र संपली नाही. ती महाविद्यालयाच्या आत आली आणि आजही बीडीएसचा कणा तीच आहे.

हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यापुढे एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप असते. प्रवेश 'नीट' परीक्षेतील गुणांवर होतो आणि महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रत्येक विषयाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा स्वतंत्र असते व दोहोंत वेगवेगळे ५० टक्के गुण मिळवावे लागतात, त्यामुळे पाठांतराने हाताची उणीव भरून काढता येत नाही.

पहिले वर्ष : पाहायला शिकणे

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय एमबीबीएसच्या धर्तीवर, पण थोडक्यात शिकवले जातात. डोके आणि मान यांच्या रचनेचा अभ्यास मात्र सविस्तर होतो, कारण पुढे भुलीची सुई ज्या मज्जातंतूपाशी पोचवायची त्याची वाट याच वर्षी पाठ व्हावी लागते. या वर्षाचा खरा गाभा दंतरचनाशास्त्र हा आहे. माणसाचे २० दुधाचे आणि ३२ कायमचे दात विद्यार्थ्याला एकेक करून ओळखावे लागतात. तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येक दाताला दोन अंकी ओळख दिलेली असते : पहिला अंक भाग सांगतो, दुसरा अंक मध्यरेषेपासूनचे स्थान. वरच्या उजव्या मधल्या पटाशीच्या दाताला 'एक-एक' म्हणायचे, खालच्या डाव्या पहिल्या दाढेला 'तीन-सहा'. ती 'अकरा' किंवा 'छत्तीस' नव्हे, हे पहिल्या आठवड्यातच सांगितले जाते.

ओळख पक्की होण्याचा मार्ग म्हणजे कार्व्हिंग, म्हणजे मेणाच्या चौकोनी ठोकळ्यातून दात कोरून काढणे. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताचा दिसणारा भाग १०.५ मिलिमीटर उंच, मूळ १३ मिलिमीटर लांब आणि रुंदी साडेआठ मिलिमीटर, ही मापे पुस्तकात असतात. ती ठरावीक पटीने वाढवून ठोकळ्याच्या बाजूंवर आकृती आखायची आणि मग सुरीने थराथराने मेण काढत जायचे. दाताची एकही बाजू सपाट नसते आणि एकही कड सरळ नसते, हे वाचून कळते, पण कोरतानाच उमगते. मेण एकदा जास्त निघाले की ठोकळा बाद होतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. वसतिगृहाच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत चालणारे हे काम बाहेरच्याला हस्तकलेचा तास वाटू शकते. प्रत्यक्षात 'काढले ते परत येत नाही' हा या व्यवसायाचा पहिला नियम तिथे मेणाच्या खर्चात शिकला जातो.

दुसरे वर्ष : प्लास्टर, ठसे आणि आरसा

दुसऱ्या वर्षी रोगविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या जोडीला दंतद्रव्यशास्त्र, म्हणजे दातांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या पदार्थांचे शास्त्र, येते. साचे ओतण्याचे प्लास्टर आणि डेंटल स्टोन ही दोन्ही रासायनिकदृष्ट्या एकच द्रव्य आहेत, दोन्ही जिप्सम तापवून मिळतात. परंतु उघड्यावर तापवलेल्या प्लास्टरचे कण सच्छिद्र आणि वेडेवाकडे असल्याने १०० ग्रॅम पावडरीला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी लागते, तर वाफेच्या दाबाखाली तयार झालेल्या स्टोनचे कण घट्ट असल्याने त्याला २८ ते ३० मिलिलिटर पुरते. जादा पाणी उडून गेल्यावर मागे पोकळ्या राहतात, म्हणून प्लास्टर ठिसूळ आणि स्टोन टणक. समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या अल्जिनेटचा ठसा हवेत ठेवला तर पाणी सोडून आकसतो आणि पाण्यात ठेवला तर फुगतो, त्यामुळे तो घेतल्यावर लगेच साचा ओतावा लागतो. प्रयोगशाळेतील धावपळीमागे असे कारण असते.

याच वर्षी विद्यार्थी फँटम हेडवर, म्हणजे जबडे बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर, एअरोटर हाती घेतो. हवेच्या दाबावर चालणारे हे यंत्र मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेते आणि शरीरातील सर्वांत कठीण ऊती असलेले दंतवल्क काही सेकंदांत कापते. घर्षणाची उष्णता आतल्या दंतमज्जेपर्यंत, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेल्या दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत, पोचू नये म्हणून सतत पाण्याचा फवारा सोडावा लागतो. माकडांवरच्या १९६५ मधील एका प्रसिद्ध प्रयोगात मज्जेचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढल्यावर सुमारे १५ टक्के दातांची मज्जा मृत झाली होती. खड्डा किती खोल, त्याच्या भिंती कशा उभ्या आणि तळ कसा सपाट, याचे मूळ नियम अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी घालून दिले आणि किडीच्या जागेनुसार त्यांनी केलेले वर्गीकरण विद्यार्थी आजही वापरतात.

यातील सर्वांत अवघड भाग नजरेचा असतो. वरच्या दाढा थेट दिसत नाहीत, त्या तोंडातल्या छोट्या आरशात पाहून कोराव्या लागतात आणि आरशात पुढचे मागे दिसते, त्यामुळे हात सुरुवातीला हमखास उलट्या दिशेने जातो. वाकून थेट पाहण्याचा मोह आवरला नाही तर मानेचे आणि कंबरेचे दुखणे विद्यार्थिदशेतच सुरू होते, म्हणून बसण्याची जागा आणि पाठीचा ताठपणा हाही शिकवण्याचा भाग ठरतो. सरावासाठी लागणारे खरे दात विद्यार्थी ओळखीच्या दवाखान्यांतून मागून आणतात, स्वच्छ करून जंतुनाशक द्रावणात ठेवतात आणि प्लास्टरमध्ये रोवून त्यांच्यावर हात बसवतात.

तिसरे आणि चौथे वर्ष : रुग्णाची भाषा

तिसऱ्या वर्षापासून दिवसाची घडी बदलते : सकाळी व्याख्यान, मग ओपीडी, दुपारी पुन्हा क्लिनिक किंवा प्रयोगशाळा आणि रात्री केस पेपर, जर्नल व वाचन. विद्यार्थी पाळीपाळीने सर्व विभागांत पोस्टिंग करतो. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला सामान्य वैद्यक, सामान्य शल्यचिकित्सा आणि मुखरोगविज्ञान हे विषय असतात. चौथ्या वर्षी मात्र हिरड्यांचे विकार, वेडेवाकडे दात, मुखशल्यचिकित्सा, मुखनिदान, बालदंतवैद्यक, दंतसंवर्धन, कृत्रिम दंतशास्त्र आणि सार्वजनिक दंतआरोग्य असे आठ विषय एकदम समोर येतात.

केस पेपरवर पहिली नोंद मुख्य तक्रारीची असते आणि ती रुग्णाच्याच शब्दांत लिहायची असा दंडक आहे. मराठी रुग्ण या बाबतीत उदार असतो. गार पाण्याने 'दात शिवशिवतात' असे तो म्हणाला आणि पाणी गिळताच त्रास थांबत असला, तर दंतवल्काखालचा थर उघडा पडल्याची, पण मज्जा अजून वाचण्यासारखी असल्याची शक्यता असते. 'रात्री आडवे झाले की ठणका लागतो' असे तो म्हणाला, तर मज्जेचा दाह बहुधा परतीच्या पलीकडे गेलेला असतो, कारण आडवे होताच डोक्याकडील रक्तदाब वाढतो आणि चारही बाजूंनी कठीण भिंती असलेल्या मज्जेला फुगायला जागा उरत नाही. 'चावले की कळ येते' यातून दाताच्या मुळाभोवतीच्या ऊतींकडे बोट जाते. वरची दाढ काढली तर डोळे अधू होतील, ही भीतीही ओपीडीत रोज भेटते. दातांना संवेदना देणारा आणि दृष्टीचा असे दोन मज्जातंतू पूर्ण वेगळे आहेत, हे रुग्णाला पटेल अशा भाषेत सांगणे हे सुई देण्याइतकेच शिकण्याचे काम असते.

कौशल्याची कसोटी कवळीच्या कामात लागते. मऊ केलेल्या कंपाउंडने पहिला ठसा, त्यावरून प्लास्टरचा साचा, त्या साच्यावर त्याच रुग्णापुरता ट्रे, मग रुग्णाला ओठ, गाल, जीभ हलवायला लावून ट्रेच्या कडांना दिलेला आकार, त्यानंतर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलच्या लगद्याने घेतलेला अंतिम ठसा, मेणाच्या कडांवर नोंदवलेला दोन्ही जबड्यांचा संबंध, त्यावर एकेक करून बसवलेले दात, मेणातच रुग्णाच्या तोंडात केलेली चाचणी आणि शेवटी ॲक्रिलिकमध्ये शिजवून घासून झिलई दिलेली कवळी, इतक्या पायऱ्या असतात. एका पायरीतील अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढच्या पायरीत दडून बसते आणि कवळी तोंडात गेल्यावरच उघडी पडते; त्यासाठी एका वृद्ध रुग्णाने चार-पाच खेपा घातलेल्या असतात.

तंबाखूचा शेजार

महाराष्ट्रात शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे रोगनिदान तंबाखू आणि सुपारीवाचून पुरे होत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी ही मुखकर्करोगाच्या अभ्यासातील मोठी पायरी मानली जाते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतातून वर्णन केलेला विकार, ज्यात गालाच्या आतील अस्तर कडक होत जाऊन तोंड उघडेनासे होते, तो आज विद्यार्थ्याला तिशीच्या आतल्या तरुणांत दिसतो. तपासणी साधी असते : रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी तोंडात घालायला सांगायचे आणि ती जात नसतील तर पट्टीने अंतर मोजून नोंदवायचे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी हा या विकाराचा मुख्य कारक घटक सहज मिळतो. अशा रुग्णाचा एक दात भरून त्याला परत पाठवणे म्हणजे आजार सोडून खूण पुसणे होय, हे कळणे हा शिक्षणातला मोठा टप्पा आहे.

कोट्याचे गणित

इथेच या पद्धतीतील कच्चा दुवा दिसतो. प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने कामे पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. विद्यार्थी त्याला 'कोटा' म्हणतात. इतकी एक्स्ट्रॅक्शन, इतकी स्केलिंग, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या. मूळ हेतू योग्य आहे, कारण पुरेशा आवर्तनांशिवाय हात बसत नाही. परंतु वर्षअखेर जवळ येते तसा रुग्ण हा रुग्ण न राहता 'केस' होऊ लागतो. ज्या महाविद्यालयांची ओपीडी विरळ असते तिथे विद्यार्थी नातेवाईक, वसतिगृहाचे रखवालदार, मेसमधील कामगार यांना गळ घालून आणतात, प्रसंगी त्यांच्या प्रवासाचा आणि उपचाराचा खर्चही स्वतः करतात. कोटा मोजतो ती कामांची संख्या. तो दात सहा महिन्यांनी कसा आहे, हे मात्र तो विचारत नाही.

यावर पर्यायही ज्ञात आहे. एका विद्यार्थ्याकडे मोजके रुग्ण देऊन त्यांच्या संपूर्ण तोंडाची जबाबदारी, पुनर्तपासणीसह, त्याच्यावर टाकण्याची समग्र उपचाराची पद्धत जगातील अनेक दंत महाविद्यालयांत रूढ आहे. तिला शिक्षक अधिक लागतात आणि विभागांच्या भिंती थोड्या पाडाव्या लागतात. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला असून त्यात परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश यांसाठी देशव्यापी एक्झिट परीक्षेची तरतूद आहे. अशी परीक्षा ज्ञानाला समान मोजपट्टी लावू शकेल. हाताची आणि रुग्णाशी वागण्याची मोजणी मात्र खुर्चीपाशीच होऊ शकते.

इंटर्नशिपच्या १२ महिन्यांपैकी तीन महिने सार्वजनिक दंतआरोग्य आणि ग्रामीण सेवेसाठी राखलेले असतात. शाळांमधील तपासण्या आणि गावोगावची शिबिरे या काळात होतात, पण शिबिरात सापडलेल्या दुखण्याचा उपचार बहुधा पुन्हा शहरातल्या महाविद्यालयातच असतो, कारण बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दंतवैद्याचे पद नसते आणि नवे पदवीधर शहरांतच दवाखाने थाटतात. ज्यांच्या तोंडावर हे हात तयार होतात ते रुग्ण प्रामुख्याने खासगी उपचार न परवडणारे असतात. ते आपला वेळ, आपला संयम आणि आपले दात या शिक्षणासाठी देतात. म्हणून दंतशिक्षणातील सुधारणेचा हिशेब केवळ जागा, खुर्च्या आणि परीक्षा यांवर मांडून भागणार नाही. शिकाऊ हाताने केलेल्या कामाची वर्षभराने तपासणी होते का, आणि तो हात तयार झाल्यावर त्याच वर्गाच्या रुग्णापर्यंत पोचतो का, हे दोन रकाने त्या हिशेबात असल्याशिवाय तो पुरा होत नाही.